हॅचबॅकमध्ये स्पीकर नेमके कुठे बसवावेत?

तुमचा प्रश्न असा: पुढच्या दारांत कंपनीचे साधे स्पीकर आहेत, दुकानदार मागच्या पार्सल ट्रेवर ६×९ इंची ओव्हल टाका म्हणतोय, ते घ्यावेत की पुढे कंपोनंट सेट (खालच्या सुरांचा वूफर आणि वरच्या सुरांचा छोटा ट्विटर वेगवेगळे असलेला जोड) लावावा, आणि ट्विटर कुठे बसवावेत? माझं मत स्पष्ट आहे. ओव्हल नकोत. पहिला सगळा पैसा पुढच्या दोन दारांत घाला.

मैफलीत गवई आपल्या समोर बसतो, गाडीतही तो समोरच ऐकू यायला हवा. मागून जोरात आवाज आला की गाणं डोक्याच्या मागे ओढलं जातं. शिवाय हॅचबॅकचा ट्रे म्हणजे दोन खुंट्यांवर टेकलेली दाबलेल्या भुश्श्याची पातळ फळी. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज डिकीतून फटींवाटे वर येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो, त्यामुळे खालचे सूर गायब होतात आणि फळीची खडखड तेवढी उरते. जड मॅग्नेटचे दोन स्पीकर अशा सैल फळीवर ठेवणं, जोरात ब्रेक लागला तर मागे बसलेल्यांसाठी धोक्याचंही आहे. मागच्या दारांतले कंपनीचे स्पीकर राहू द्या, फक्त फेडर (पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करणारी स्टिरिओतली सेटिंग) पुढे ढकला. चालकाच्या जागेवरून ते वेगळे ऐकू येणार नाहीत इतकेच हळू ठेवा.

आता दार. ६.५ इंची वूफर महागडा आहे की मध्यम, यापेक्षा तो कशात बसवलाय याने जास्त फरक पडतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यावर नुसता प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकरचा मागचा आवाज या भोकांतून पुढे आला की डग्ग्याची घुमक संपलीच. म्हणून ही भोकं बंद करायची. मोठ्या भोकांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवा आणि कडा ब्यूटिल शीटने, म्हणजे रबरासारख्या चिकट पत्रकाने, हवाबंद करा. पुढेमागे काचेची मोटर किंवा मशीन बिघडलं तर पट्टी काढून हात घालता येतो, सगळं चिकटवून टाकलं तर मेकॅनिक ते फाडूनच काढेल. लॉकच्या सळया आणि वायरी मोकळ्या हलतात ना, ते पट्टी लावण्याआधी बघा.

बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिमीचं ब्यूटिल शीट लावायचं, पण पूर्ण नाही. वूफरच्या बरोबर मागचा भाग आणि टिचकी मारल्यावर डब्यासारखा वाजणारा मधला भाग, मिळून साधारण एक तृतीयांश पत्रा झाकला की पुरतं. आधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग शीट रोलरने दाबून बसवा. डांबराचं स्वस्त शीट नको, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडून सुटतं आणि वासही मारतं. दाराच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती कधीही बुजवू नका. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतंच, वाट बंद झाली की पत्रा आतून गंजतो. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारात हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. अशा गाडीत दार हवाबंद करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय काम करू नका.

वूफर पत्र्यावर थेट न कसता मध्ये १२ ते १८ मिमीची रिंग घाला. दुकानात बहुधा एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्श्याची) मिळते, ती एका पावसाळ्यात फुगते. मरीन प्लाय घेऊन त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्या, किंवा एबीएस प्लॅस्टिकची रिंग घ्या. स्पीकर कसण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेट आणि काच यांच्यात जागा उरते का ते पाहा. ही तपासणी राहिली तर काच अडते किंवा तडकते. शेवटी वूफरच्या कडेभोवती फोमची गोल पट्टी लावा, म्हणजे डोअर पॅडची जाळी आणि स्पीकर यांच्यात फट राहणार नाही. ही पट्टी बहुतेक ठिकाणी वगळतात, मग अर्धा आवाज पॅडच्या मागेच घुमतो.

ट्विटर कुठे? माझी पहिली पसंती बाहेरच्या आरशामागच्या त्रिकोणी पट्टीला. बऱ्याच गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ट्विटर तिथेच असतो. दुसरी पसंती ए-पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब, पण तिथे कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर पिलरला हात लावू नका. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात वर तोंड करून ठेवलेला ट्विटर मला तिसऱ्या नंबरचा वाटतो: काचेवर आपटून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि धार विस्कटते. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्विटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट, ३ किलोहर्ट्झच्या आसपास वाटणी करत असेल तर तिथे ध्वनिलहरीची लांबी जेमतेम ११ सेंमी असते. वूफर गुडघ्यापाशी आणि ट्विटर ६०-७० सेंमी दूर असला की एकच वाद्य दोन ठिकाणी वाजल्यासारखं होतं. तबल्याने हे लगेच कळतं: घुमारा पायाशी आणि चाटीचा कडक बोल काचेपाशी आला, तर जागा किंवा दिशा चुकली आहे. भोक पाडण्याआधी ट्विटर दुतर्फी टेपने तात्पुरता चिकटवून दोन-तीन दिवस ऐका. सुरुवातीला दोन्हींची तोंडं पुढच्या दोन सीटच्या मधोमध, छताच्या दिव्याकडे ठेवा. उजवा कानात टोचत असेल तर त्याला आणखी डावीकडे वळवा, तरी टोचला तर क्रॉसओव्हरवर ट्विटरची पातळी ३ डेसिबलने उतरवा.

पायाजवळच्या कोपऱ्यात, म्हणजे किक पॅनलमध्ये स्पीकर बसवायचा सल्ला तुम्हाला परदेशी व्हिडिओंत दिसेल. तिथून दोन्ही बाजूंची अंतरं जवळपास सारखी होतात हे खरं. पण तिकडच्या अनेक गाड्यांत चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे चालकाच्या उजव्या कोपऱ्याला लागूनच अ‍ॅक्सिलरेटर आहे. पायाला अडेल असं काहीही तिथे नको.

अंतराचा प्रश्न मग वेळेने सोडवायचा. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंमी जातो. समजा तुमच्या डोक्यापासून उजवा वूफर ८५ सेंमी आणि डावा १३५ सेंमी आहे. उजव्याचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद आधी पोचतो, म्हणून गायक उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट (प्रत्येक स्पीकरला वेगळा उशीर द्यायची सोय) असेल, किंवा तेच काम करणारा वेगळा डीएसपी (डिजिटल साउंड प्रोसेसर) असेल, तर टेपने प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजा. सर्वांत दूरच्या स्पीकरच्या अंतरातून प्रत्येकाचं अंतर वजा करा, उरलेल्या सेंमीला ३४ ने भागा. तेवढे मिलिसेकंद त्या स्पीकरला उशीर द्यायचा. काही स्टिरिओ थेट सेंमी विचारतात, तिथे मोजलेले आकडेच भरा. मग एकट्या गळ्याचं, कमी वाद्यांचं गाणं लावून ०.१ मिलिसेकंदाच्या पावलांनी हलवत राहा, आवाज डॅशबोर्डच्या मध्यावर येईपर्यंत. ही सोय नसेल तर बॅलन्स दोन-तीन घरं डावीकडे न्या. त्याने पातळी सुधारते, वेळेतला फरक मात्र राहतो.

हे सगळं करण्याआधी पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उणे वायरींची जोडणी, तपासा, कारण एक वूफर उलटा जोडला असेल तर कितीही अलाइनमेंट केली तरी बास पोकळच राहतो. क्रॉसओव्हरची वायर काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या टर्मिनलला क्षणभर लावा: अधिकला अधिक असताना कोन बाहेर यायला हवा. ट्विटरवर हा प्रयोग करू नका, कॉइल जळू शकते.

पुढे कधी सबवूफर (फक्त बाससाठीचा मोठा स्पीकर) घेतलात तर १० इंचीला सुमारे २० ते २५ लिटरचा बंद डबा पुरेल, नेमका आकडा स्पीकरच्या कागदावर बघून घ्या. डबा डिकीत, तोंड मागच्या दाराकडे. त्याचा लो-पास (ठरावीक मर्यादेखालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका, नाहीतर बास मागून येतोय हे कळायला लागतं. दारांच्या वूफरला ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याच्या उलट, वरचेच सूर जाऊ देणारा) लावा, त्यांची तगमग थांबेल आणि आवाज वाढवला तरी ते फाटणार नाहीत. मग सबचा फेज (कोन आधी बाहेर जातो की आत, ते उलटवणारी सेटिंग) ० आणि १८० अंश करून बघा, चालकाच्या सीटवर ज्यात बास भरीव आणि पुढून आल्यासारखा वाटेल तो ठेवा. आणि डबा डिकीतल्या हुकांना पट्ट्याने घट्ट बांधा.