आष्टी तालुक्यात पाच संकरित गाई आहेत, हिरवा चारा संपलाय. अझोला आणि हायड्रोपोनिक मक्यावर उन्हाळा निघेल का?

नाही निघणार. जोड म्हणून चालेल, पोट भरणार नाही.

400 किलोच्या दुभत्या गाईला रोज 10 ते 12 किलो चारा लागतो, तोही पाण्याचं वजन सोडून. ओला अझोला (पाण्याच्या खड्ड्यात वाढणारं नेचं) 2 किलो घातलात तर पाणी वजा जाता हातात 100-125 ग्रॅम उरतं. त्यातून मिळणारी प्रथिनं मूठ-दोन मूठ सरकी पेंडीतही मिळतात. पाच गाईंसाठी खड्डे राखायचे, पाणी बदलायचं, टँकरच्या गावात हे कोण करणार?

हायड्रोपोनिकचं, म्हणजे मातीशिवाय ट्रेमध्ये नुसत्या पाण्यावर उगवलेल्या मक्याचं, तर मला घरातच बघायला मिळालं. आमचं गाव माण तालुक्यात. 2018 ला परतीचा पाऊस झाला नाही, शाळूची (रब्बी ज्वारीची) पेरणी गेली, म्हणजे पुढच्या वर्षाचा कडबाही गेला. थोरल्या भाऊजींचा गोठा आमच्या गोठ्याला लागून. त्यांनी कर्ज काढून शेडनेट, ट्रे, फवारे बसवले. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, 1 किलो मक्यापासून आठवड्यात 6-7 किलो चारा. वजन खोटं नाही, पण वाढलेलं सगळं वजन पाण्याचं असतं. दाणा रुजताना स्वतःतलंच पीठ खर्ची घालतो, त्यामुळे त्या हिरव्या लादीत सुका अंश मूळ मक्यापेक्षा कमीच भरतो. तोच मका भरडून आंबोणात (खुराकात) घातला असता तर गाईला जास्त मिळालं असतं. हे मी तेव्हाच बोलले. घरात कुणी ऐकलं नाही.

मी फलटणच्या बागायती भागातून गव्हाचं भुस्कट आणलं आणि त्यावर युरियाची प्रक्रिया केली. 100 किलो भुस्कटाला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला. थरावर थर, प्रत्येक थरावर झारीनं हेच युरियाचं पाणी सगळीकडं सारखं शिंपडायचं, पायानं घट्ट तुडवायचं आणि ताडपत्रीनं हवाबंद झाकायचं. 21 दिवस हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, काड मऊ पडतं आणि त्यातली प्रथिनं 3-4 टक्क्यांवरून 7-8 टक्क्यांपर्यंत जातात. गाईच्या पोटातले जिवाणू त्या अमोनियातल्या नत्रापासून स्वतःची वाढ करतात आणि शेवटी तेच जिवाणू गाईला पचतात. 50 लिटर पाणी एकदाच लागतं. भाऊजींच्या फवाऱ्यांना रोज लागायचं.

गावात बोभाटा झाला. भाऊजी पारावर म्हणाले, "धाकटी गोठ्यात खत चारतीया, गाई आडव्या पडल्या की कळंल." दूध संकलन केंद्रावर कुणीतरी बोललं की हिच्या दुधात युरिया असणार. ते मला फार लागलं. दुधात युरिया मिसळणारे भामटे वेगळे, आणि काडावर प्रक्रिया करणारी बाई वेगळी. मीच म्हटलं, तपासा. तपासलं, काही निघालं नाही. ज्यांनी कुजबूज केली त्यांच्यापैकी कुणी येऊन तसं म्हटलं नाही.

माझ्या गाई निवांत रवंथ करत होत्या, दूध थोडं उतरलं पण टिकलं. भाऊजींच्या गाईंच्या दुधाची फॅट घसरली, कारण फॅटला धाग्याचा चारा लागतो आणि लुसलुशीत मक्यात तो कुठला? पुढं चारा छावण्या सुरू झाल्यावर त्यांनी जनावरं तिकडं नेली. अजूनही ते सांगतात की माझ्या गाई तुरीच्या भुस्कटावर तगल्या. तुरीचं भुस्कट त्यांच्याकडेही होतं.

तुमच्याकडे तूर-हरभरा होतोच. ते भुस्कट तसंच घाला, त्याला प्रक्रियेची गरज नाही. प्रक्रिया गव्हाच्या काडावर, बाजरीच्या सरमाडावर करा. उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) मिळालं तर नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवतं, दुभती गाय खंगते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज 50 ग्रॅम क्षारमिश्रण द्या. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसिननं केस गळतात. वेड्या बाभळीच्या शेंगा भरडूनच घाला; अख्ख्या घातल्या तर बी शेणातून शेतभर उगवतं.

आता युरियाचं, कारण इथं हयगय केली तर जनावर खरंच दगावतं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे काड अजिबात नको. घोडा, गाढव, डुकराला नको. कोरडा युरिया गव्हाणीत टाकायचा नाही, द्रावणाची बादली जनावराच्या तोंडाजवळ ठेवायची नाही. मापात अंदाजपंचे नको, वजनकाटाच वापरा. ढीग उघडल्यावर लागेल तेवढंच काढा, वास उडेपर्यंत पसरून ठेवा. पहिला आठवडा नेहमीच्या चाऱ्यात थोडं थोडं मिसळा. उपाशी किंवा आजारी गाईपुढं एकदम टाकू नका. सोबत मक्याचा भरडा हवाच, नाहीतर त्या नत्राचा उपयोग होत नाही.

आज ढीग लावलात तर तीन आठवड्यांनी चारा सुरू होईल, तोवरचा कडबा हाताशी ठेवा. आणि ट्रे विकायला कुणी दारात आलं तर किलोचा भाव ऐकू नका, सुका अंश किती ते विचारा.