चढउतारावर रायफलची प्रॅक्टिस करताना
अरे आधी टार्गेटच्या मागे काय आहे ते बघ, मातीचा जाड चढ पाहिजे, डोंगरमाथ्यावर आभाळाच्या रेषेत टार्गेट लावूच नको, गोळी पलीकडे कुठे जाईल सांगता येत नाही आणि दगडावर आपटली तर कुठेही उडते. बाकी चढाकडे वर मार नाहीतर उताराकडे खाली मार, गोळी नेमापेक्षा वरच लागते, कारण ड्रॉप, म्हणजे गोळी जाताजाता किती खाली येते ते, आडव्या अंतरावर ठरतो, म्हणजे ३० अंशाच्या चढ-उताराला रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) ३०० मीटर दाखवत असेल तर साधारण २६० चं धर. आणि तिरक्या जमिनीवर रायफल नकळत कलते, शॉट त्याच बाजूला जातो, म्हणून बायपॉडचे (रायफलच्या पुढच्या दोन पायांच्या स्टँडचे) पाय कमीजास्त कर, स्कोपवर, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवर, छोटी बुडबुड्याची लेव्हल लाव आणि ट्रिगर दाबायच्या आधी तिचा बुडबुडा मधे आहे का ते एकदा बघच.