म्युनिकहून बार्सिलोनाला स्वतःच व्हॅन चालवत फर्निचर न्यायचंय, रूट कसा ठरवू?

सगळ्यात आधी, नकाशा तुम्हाला झुरिच-जिनिव्हाचा शॉर्टकट दाखवेल, त्याच्या नादी लागू नका. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही, घरभर सामान घेऊन तिथून जायचं म्हणजे बॉर्डरवर कागदपत्रं दाखवत बसा, वर विन्येटचे (तिथल्या हायवेच्या टोल-स्टिकरचे) ४० फ्रँक वेगळेच. त्यापेक्षा फ्रायबुर्ग, म्युलूज, लिऑन असं फ्रान्समधून जा, साधारण १,५०० किमी होतील पण मधे कस्टम्सची कटकट नाही. लोडेड व्हॅन आहे, दोन दिवसांत रेटायचा हट्ट नको, एक मुक्काम बेझांसोंजवळ, दुसरा मॉन्पेलिएला.

फ्रान्सचा टोल उंचीवर ठरतो, गाडी ३ मीटर किंवा जास्त उंच असली की वरचा क्लास लागतो, म्हणून बुक करतानाच उंची विचारा. स्पेनमधे शिरल्यावर बार्सिलोनापर्यंतचा एपी-७ हायवे मात्र २०२१ पासून फुकट आहे.

साध्या कार लायसन्सवर ३.५ टनापर्यंतचीच गाडी चालते, आणि हे वजन गाडीसकट बरं का! सामानासाठी हातात जेमतेम टनभर उरतं, पुस्तकांचे खोके ते कधी खातात कळत नाही.

आणि वॉशिंग मशीनचे मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट, म्हणजे प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावायचे बोल्ट, शोधून ठेवा. आम्ही ते फेकून दिले होते, ड्रम रस्ताभर धडाधडा आपटत गेला आणि नव्या घरात पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूमभर फिरायला लागलं 😅