दुसरं आणा म्हणाले नाना

सई,

परवा नानांचा फोन तू स्पीकरवर ऐकलास. बिस्किट गेला म्हटल्यावर ते म्हणाले, "अरेरे. म्हातारा झाला होता. आता दुसरं पिल्लू आणा." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आबांसाठी आपण दरवर्षी पान वाढतो. मग कुत्रा गेला तर आपल्यात काहीच नसतं?" मी भांडी लावत होते, तशीच लावत राहिले. लिहून जमतंय का बघते.

नसतं गं. सुतक नाही, दहावं-तेरावं नाही. खरंय तुझं.

पण नानांना दगड समजू नकोस. ओतूरला आमच्याकडे मोत्या होता. घरात यायची मुभा नव्हती; उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की आजी फुंकणी उगारायची. झोपायला अंगण, नाहीतर गोठ्यात बैलांची दावण. गादी नाही, वाढदिवस नाही. पण चुलीवरची शेवटची भाकरी त्याची. उरलेली नव्हे, मुद्दाम थापलेली. पाहुणे वाढले आणि पीठ कमी पडलं तर ती लहान व्हायची, चुकायची नाही. आमच्या भागात उसात बिबटे. ते कुत्र्याची मानच धरतात, म्हणून नानांनी त्याला खिळ्यांचा पट्टा करून घेतला होता. भिंतीवर दत्ताची तसबीर होती, तिच्यातल्या चार कुत्र्यांत मोत्या कुठला, यावरून मी नि तुझा मामा भांडायचो. (मामा अजून म्हणतो, डावीकडचा. डावीकडचा नाही.)

म्हातारपणी त्याच्या कानामागे जखम झाली, किडे पडले. नाना सीताफळाचा पाला वाटून रोज जखमेत भरायचे, एका हाताने त्याचा जबडा धरून, तोंडाने शिव्या देत. "मर एकदाचा," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पाला वाटायला बसायचे. एका सकाळी तो उठला नाही. नानांनी बांधावरच्या जांभळाखाली खड्डा घेतला, त्याला पोत्यात गुंडाळला, वर खडेमीठ टाकलं, माती लोटली. आम्हाला म्हणाले, "शाळेची वेळ झाली." संपलं. पण त्या आठवड्यात बाजाराला गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. त्यांचा गुडघा आजही ठणठणीत आहे, हे तुला माहीत आहे.

पुढे पावसाळ्यात तेच एक पिल्लू घेऊन आले, सदऱ्याच्या आत घालून. "दुसरं आणा" म्हणजे त्यांच्याकडचं औषध आहे ते. तुला कडू लागलं, मला कळतं. मलाही लागलं थोडं.

बिस्किटचं निराळं झालं. मागचे पाय गेल्यावर तो जिन्याखाली उभा राहून वर बघायचा आणि आपल्यातलं कुणीतरी खाली येऊन सोफ्यावर झोपायचं. व्हेटने दिवस आपल्यालाच ठरवायला सांगितला. ओतूरला असा दिवस कुणी ठरवला नसता. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. डोळे उघडेच राहतील, हे तिने आधी सांगितलं होतं, तरी तू त्याच्या पापण्यांवरून हात फिरवत होतीस. मी फॉर्म वाचत होते. दोनदा वाचला. बिस्किटला दुखलं नाही. मोत्याला शेवटपर्यंत दुखलं. म्हणून आपलं बरोबर आणि नानांचं चूक, असं मला म्हणवत नाही. उलटंही म्हणवत नाही.

इंग्लंडमध्ये स्वतःच्या बागेत कुत्रा पुरता येतो, पण आपलं घर भाड्याचं. राखेचं काय करायचं ते तू ठरव. बाग, नदी, तुझं कपाट, काहीही. घाई नाही.

राहिलं पान. पितृपंधरवड्यात आबांचं पान वाढताना गाय, कुत्रा आणि कावळा यांचे घास आपण वेगळे काढतो, ते तू पाहिलंयस. म्हणजे कुत्र्याचा वाटा आहे आपल्यात, पण जिवंत कुत्र्याचा. गेलेल्या कुत्र्याच्या नावाने कुणी घास काढलेला मी तरी पाहिला नाही. काढला तर आपल्या स्वयंपाकघरात कोण बघायला येणार आहे? तुला वाटलं तर सांग, नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. नानांना कळवायची तर अजिबात गरज नाही. पण काढायचा ठरला, तर वरणभातावर तूप मी सढळ हाताने घालणार. व्हेटने बंद केलं होतं. आता काय त्याचं.

आई