इंग्रजी ‘क्लोज’चा अर्थ जवळ की बंद? एकूण अर्थ किती?

जवळही आणि बंदही. स्पेलिंग एकच, उच्चार दोन: ‘जवळचा’ असेल तर क्लोस, ‘बंद करणे’ असेल तर क्लोज. मूळ लॅटिनमधलं, बंद करणे याच अर्थाचं. बंद केलं की फट राहत नाही; तिथून जवळिकीचा अर्थ आला.

हा शब्द मला अजून टोचतो. तासगावला आमची पिठाची गिरणी होती. आठवीत असताना मी काळ्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने इंग्रजी पाटी रंगवली, एका बाजूला ओपन, दुसऱ्या बाजूला क्लोज. अण्णांनी ती कौतुकाने दारावर टांगली. मे महिन्यात पुण्याहून आतेभाऊ, आमचा दादा, आला आणि दळणाला आलेल्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाला, “मामा, शेवटचा डी कुठाय? गिरणी बंद आहे की जवळ आहे?” बायका हसल्या. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पिठाच्या हातांनीच पाटी उतरवली, काही बोलले नाहीत. रात्री मी डी घातला. जागा उरली नव्हती, तो पत्र्याच्या कडेला चिकटून बसला.

डी लागतो, मान्य. पण का लागतो हे दादाने सांगितलं नाही, शाळेतही कुणी नाही. ओपन म्हणजे ‘उघडणे’ आणि ‘उघडं’सुद्धा. क्लोज म्हणजे फक्त ‘बंद करणे’. ‘बंद असलेलं’ म्हणायला क्लोज्डच हवं, कारण डी काढला की तो शब्द ‘जवळचा’ होतो. ओपनच्या जोडीला क्लोज लिहिणारं पोर डोकं लावूनच लिहितं. त्याला अडाणी म्हणणाऱ्याला स्वतःलाच इंग्रजी कळलेलं नसतं. दादा तर आजही ‘क्लोज फ्रेंड’ म्हणतो. तिथे क्लोस हवं.

बाकीचे अर्थ: चुरशीची लढत, थोडक्यात टळलेला अपघात, बारीक नजर, कोंदट हवा, इंग्लंडात पुढे वाट नसलेली गल्ली. सगळीकडे क्लोसच. अजूनही असतील, डिक्शनरी बघा. मराठीत यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

हां, परीक्षेत मात्र डी लिहा, मार्क जातात.

आणि दादा, तू इथे वाचतोस म्हणून लिहितो. त्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. अण्णांनी त्यानंतर दारावर पाटी लावलीच नाही.