108 मधून नेलं तर कॅज्युअल्टीत पेशंटला आधी घेतात का?

नाही, खानापूरहून बेळगावला 108 मधून नेलं म्हणून नंबर आधी लागत नाही. दारातच श्वास, नाडी, बीपी आणि शुद्ध बघून कुणाला आधी घ्यायचं ते ठरतं. मी इमर्जन्सी वॉर्डात नर्स आहे, हे रोजचं काम आहे. कॅज्युअल्टीत थांबावं लागतं ते गर्दीमुळे. ही गर्दी सर्दी-तापवाल्यांमुळे होते असा समज आहे, पण संशोधनात मुख्य कारण दुसरंच दिसतं: ॲडमिशन झालेल्या पेशंटला वर बेड मिळत नाही, म्हणून तो खालीच स्ट्रेचरवर राहतो. एक ऑक्सिजन पॉइंट, एक मॉनिटर आणि अर्धी नर्स त्याच्यातच अडकते, मग नवीन पेशंट ठेवायचा कुठे?

108 चा खरा फायदा वाटेतल्या उपचारांचा, आणि हॉस्पिटलला आधी कळवण्याचा. लकव्यात तर तो फार मोठा आहे, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण 4.5 तासांच्या आतच देता येतं आणि आधी फोन गेला की सीटी स्कॅनची तयारी होऊन राहते. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून आणाच.

मात्र गाडी यायला फार वेळ लागणार असेल तर 108 वाल्यांनाच विचारून स्वतःच्या गाडीनं निघा. आणि सीमेलगतच्या गावातून फोन करताना गावाआधी राज्य आणि तालुका सांगा. नंबर एकच असला तरी कर्नाटक आणि महाराष्ट्राची 108 सेवा वेगवेगळी आहे.