सहा वर्षांच्या मुलाचा घोळणा सारखा फुटतो, उष्णता असेल का? काय करावं?

आमच्या धाकट्याचं दोन वर्षं हेच चालू होतं. आम्ही अकोल्याचे, त्यामुळे एप्रिल लागला की आठवड्यातून दोनदा तरी उशीला रक्त ठरलेलं. सासूबाई म्हणायच्या उष्णता आहे, सब्जा द्या, कांदा हुंगवा, टाळूवर गार पाणी थापा. आम्ही सगळं केलं आणि वर त्याला उताणं झोपवायचो, ती खरी चूक. रक्त घशातून पोटात जातं आणि मग पोरगं रक्ताची उलटी करतं, ती बघून माझेच हातपाय गळाले होते.

करायचं ते असं की ताठ बसवा, मान जराशी पुढे, तोंडाने श्वास घ्यायला सांगा आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, वरचं हाड नाही. घड्याळ बघून १० मिनिटं, मधे सोडून बघायचं नाही (मी दर मिनिटाला बघायचे म्हणून तर थांबायचंच नाही). तोंडात आलेलं थुंकू द्या. नाहीच थांबलं तर अजून १० मिनिटं, तरीही वाहतंय तर सरळ दवाखाना.

आता सारखं का होतं, तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर पुढेच, बोट पोचतं तिथेच, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. हवा कोरडी झाली की तिथे खपली धरते, पोरगं ती बोटाने काढतं की परत सुरू. म्हणजे उष्णता खरीच, पण पोटातली नाही, हवेतली! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आम्हाला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि काही दिवस नाकात लावायला अँटिसेप्टिक मलम दिलं, नंतर रात्री झोपताना थोडं व्हॅसलिन आणि नखं कापलेली, बस. सर्दी-अॅलर्जी असेल तर तिचंही औषध लागतं. एवढ्याने नाही भागलं तर सिल्व्हर नायट्रेट लावून ती रक्तवाहिनी बंद करतात, आमच्यावर ती वेळ आली नाही.

पण अंगावर उगाच काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त किंवा घरात कोणाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल तर रक्त तपासून घ्याच. तापात फुटला तर डेंग्यूचीही शंका घ्यायची. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी नाहीतर हरभरा अडकलाय का ते डॉक्टरांकडूनच बघून घ्या, घरी चिमटा घालू नका.

शाळेत बाईंनाही सांगून ठेवा हं, आमच्याकडे त्या प्रत्येक वेळी मान मागे करायला लावायच्या.